लवू माडावरून पडला

लवू पालशेतकर आयुष्यात कधी माडावर चढला नव्हता. मिऱ्याच्या आमच्या वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या घरामागे चार-पाच माड होते आणि नारळ उतरवायला विठू भंडारी येई. विठू निम्म्यावर पोचला की खाली पडवीत उभ्या असलेल्या लवूच्या तळपायाला घाम फुटायचा.

"घाबरतंस काय रे लवू?" विठू वरून ओरडायचा.

"मी कशाला घाबरतंय? माड घाबरतो. माझा देह बघितलास काय?"

देह खरंच मोठा होता. खांदे रुंद, पोट पुढे आलेलं, आवाज बंदराच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा. हाच माणूस समुद्रावर मात्र कशाला भ्यायचा नाही. लाँच हेलकावे खात असताना तो मागच्या फळीवर कशाचाही आधार न घेता उभा राही आणि जाळं ओढी. जमिनीवर मात्र घराच्या कौलांवर चढायचं तरी तो दुसऱ्याला बोलवी. "समुद्रात पडलो तर पवता येतं, हवेत कसं पवणार?" असं त्याचं म्हणणं.

मी त्याच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत भाड्याने राहत होतो. आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून मिरकरवाड्याच्या बंदरात एका वर्कशॉपमध्ये लागलो होतो. लाँचची इंजिनं आणि विंच दुरुस्त करायचं काम. मिशी धड फुटली नव्हती, तरी सगळे मला मेस्त्री म्हणत. घरात लवू आणि त्याची बायको जनीवहिनी, दोघंच. एकुलती मुलगी राही लग्न होऊन दाभोळला गेलेली. संध्याकाळी मी कामावरून आलो की लवू मला पडवीत बसवून घ्यायचा आणि इंजिनाबद्दल नाही नाही ते प्रश्न विचारायचा. गरम झालेल्या इंजिनाला ताप आला असं म्हणतात का, आणि म्हणत असतील तर त्याला काढा कुठून पाजायचा, असले प्रश्न.

त्या वर्षी जनीवहिनींचा धाकटा भाऊ दादू याने मच्छीमार सोसायटीचं कर्ज काढून नवी लाँच बांधली. तोवर मेहुणे-मेहुणे दोघंही दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी होते. आता घरची लाँच झाली. नाव ठेवलं 'जाकादेवी प्रसाद'. लवू मालक नव्हता, पण रंग देताना, नाव रंगवताना, इंजिन बसवताना तो असा वावरत होता की बघणाऱ्याला तोच मालक वाटावा. विंच आमच्या वर्कशॉपने बसवली होती. इंजिनाच्या जोरावर दोन ड्रम फिरतात आणि जाळ्याच्या दोन्ही वायरी त्यांवर गुंडाळल्या जातात, एवढंच ते यंत्र. पण वायर ड्रमवर एका जागी चढत गेली तर ढीग होतो आणि ती घसरते. ती सारखी बसावी म्हणून खलाशी तिला पायाने ढकलतात. सगळ्याच लाँचवर ढकलत. मी लवूला एक लाकडी दांडका करून दिला होता. म्हटलं, पायाने नको, याने ढकला.

"मेस्त्री, ह्या दांडक्याला डोळे हायत काय?" तो म्हणाला. "पायाला असतात." आणि दांडका त्याने चुलीजवळ नेऊन ठेवला.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला आणि लाँच पहिल्या फेरीला निघाली. या पहिल्या फेरीचा एक नेम आहे. त्या फेरीत लाँचच्या फळीवर माणसाचं रक्त पडू द्यायचं नाही. मासा कापताना बोट कापलं तरी हात बाहेर धरायचा, थेंब समुद्रात पडला पाहिजे. जुन्या लाँचला एक वेळ चालेल, पण कोऱ्या लाँचने पहिल्याच फेरीत रक्त चाखलं तर ती पुन्हा मागते, असं मानतात. एकदा लाँचचं तसं नाव झालं की खलाशी तिच्यावर चढायला तयार होत नाहीत. आणि खलाशी नसले तर लाँच धक्क्याला बांधून ठेवायची आणि कर्ज मात्र चालू.

तिथे काय झालं ते मला बाबल्या तांडेलाने पुढे सांगितलं. तांडेल म्हणजे लाँच हाकणारा, तिच्यावरचा कर्ता माणूस. बाबल्या म्हातारा होता, कमी बोलायचा. जाळं भरून वर येत होतं, सगळे खुशीत होते, लवू गाणं म्हणत वायर पायाने सारत होता. वायरीचा एक पदर तुटून वर आला होता. त्याने लवूच्या चड्डीची कड धरली आणि पाय ड्रमवर ओढला. बाबल्याने इंजिन बंद केलं, पण इंजिन बंद केल्यावरही ड्रम थोडा फिरतोच. गुडघ्याखाली हाड मोडून बाहेर आलं.

पहिला शब्द लवूच बोलला.

"बाबल्या, फळी धू. आधी फळी धू."

"गप ऱ्हव, पाय बांधूंदे."

"पाय मंग. फळी धू आधी." मग त्याने सगळ्यांकडे बघितलं. "मी लाँचवर पडलो नाय. मी घरी माडावरनं पडलो. आयकलांव काय सगळ्यांनी?"

"भावोजी," दादू रडत होता, आणि रडता रडता त्याला हसू फुटलं, "तुमी नि माडावर? कोण इश्वास ठेवील?"

"तुज्या लाँचीसाठी चढलो असं समज."

लाँच परत फिरली. अंधार पडायची वाट बघून लवूला धक्क्यावर न आणता होडीतून वाडीच्या किनाऱ्यावर उतरवलं, घरी आणलं आणि घरून टेम्पोने सरकारी दवाखान्यात नेलं. टेम्पोत मी होतो. जनीवहिनी लवूचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पायावरचे वायरीचे वळ मात्र त्यांना दिसत होते. कोळ्याखारव्यांच्या घरात जन्मलेल्या बाईला ते कळायला सांगावं लागत नाही.

डॉक्टर तरुण होते.

"काय झालं?"

"माडावरनं पडलो, साहेब."

"किती उंचीवरून?"

लवूने विचार केला. "पाय मोडतो तेवढ्या उंचीवरनं."

डॉक्टरांनी पाय वळवून बघितला. "हे ओरखडे कसले? माडाला वायर असते?"

"नारळाची पेंडी बांधली होती दोरीनं. ती अडाकली."

डॉक्टरांनी जनीवहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मान हलवली. लाँच त्यांच्या भावाची होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं आणि पाय साफ करायला घेतला.

वॉर्डात लवूला बघायला सगळी वाडी आली. खरं काय ते सगळ्यांना समजलं होतं आणि खरं कोणी बोलत नव्हतं. बंदरातला धर्मच तसा आहे. उलट सगळे माडाचीच चौकशी करत होते. विठू भंडारी तर मुद्दाम शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलला.

"काय रे लवू, माज्या पोटावर पाय देतंस? चढायचं होतं तर मला इचारायचंस तरी."

"तुजा दर वाढलाय मेल्या. म्हटलं आपणच बघू."

"मंग कसा वाटला वरनं मुलूख?"

"आरे-वाऱ्यापर्यंत दिसला. तुजी बायको पण दिसली, नळावर भांडत होती."

वॉर्ड हसला. लवूही हसला आणि लगेच त्याने ओठ आवळले, कारण हसताना पाय हलत होता.

प्लास्टर घातलं, त्याला जखमेपाशी खिडकी ठेवली. दिवाळी गेली. हाड जुळत नव्हतं. खिडकीतून पू येत होता. औषधं बाहेरून आणावी लागत. ती आधी दादू आणायचा, मग जनीवहिनी आणू लागल्या. त्या पहाटे बंदरावर मासळी घेऊन रत्नागिरीच्या बाजारात बसत, तिथून दवाखान्यात जात. दादूने हात आखडता घेतला असं मी म्हणणार नाही. पण लाँच नवी, मासळी बेताची, सोसायटीचा हप्ता दर महिन्याला, आणि लवू जाग्यावर बसल्याने घरात येणारा वाटा बंद.

एक दिवस डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. "हाडात पू गेलाय. मिरजेला न्या. तिथे हाड साफ करतील, कमरेचं हाड घेऊन भरतील, आत सळई घालतील. पाय वाचेल. माझ्याकडे ती सोय नाही."

"नि नाय नेला तर?" जनीवहिनींनी विचारलं.

डॉक्टरांनी तळहाताची कड आपल्याच गुडघ्याखाली आडवी ठेवली.

आम्ही एसटीच्या मागच्या सीटवर लवूला आडवा घालून आंबा घाटातून मिरजेला गेलो. वहिनी त्याच्या उशाशी, दादू आणि मी उभे. मिरजेच्या डॉक्टरांनी पाय तपासला, एक्स-रे उजेडावर धरला आणि होय, वाचेल, असं सांगितलं. मग पैसे भरायच्या खिडकीवर एका माणसाने खर्च सांगितला. दादूचा हात खिशात होता, तो खिशातच राहिला. त्या रकमेत आमच्याकडे जुनं इंजिन आलं असतं, चालू स्थितीतलं. आम्ही महिनाभराच्या गोळ्या घेतल्या आणि परत फिरलो. येताना लवू घाटातली झाडं बघत होता. म्हणाला, "मेस्त्री, एवढी झाडं हायत, पण माड एक नाय. इकडे माणसं पडतात कशावरनं?"

त्या प्रवासातच जनीवहिनींना विम्याची आठवण झाली. सोसायटी दर वर्षी प्रत्येक खलाशाच्या हिशेबातून विम्याचे पैसे कापत असे. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन सोसायटीत गेल्या. सेक्रेटरी वाडीतलेच, ओळखीचे.

"विमा आहे, वहिनी," ते म्हणाले. "पण तो समुद्रावरच्या अपघाताचा. आणि लवू तर माडावरून..."

"तुमी त्यांना लहानपणापासनं वळखता. ते माडावर चढतील?"

सेक्रेटरींना हसू आलं. मग ते गंभीर झाले. "मला माहीत आहे. सगळ्या बंदराला माहीत आहे. पण मला तसं कोणी सांगितलेलं नाही. लाँचचा मालक आणि तांडेल यांनी लिहून दिलं की अपघात लाँचवर झाला, तर मी कागद वर पाठवतो. त्यांनी लिहिलं नाही तर माझे हात बांधलेले."

जनीवहिनी तिथून थेट दादूकडे गेल्या. लाँच ओढून वर घेतली होती, दादू आणि बाबल्या तिच्या तळाला डांबर लावत होते. लवूलाही तिथे आणून एका उलट्या टोपलीवर बसवला होता, तो जाळं शिवत होता. जाळं शिवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"दादू, तुला नि बाबल्याकाकांना लिहून द्यायचं हाय," वहिनी म्हणाल्या. "लाँचवर काय झालं ते."

दादूने ब्रश डब्यात टाकला. "आक्का, खलाशी उतरतील गो. एकदा नाव झालं की उतरलेच समज. मंग हप्ता कोण भरील?"

"तुज्या लाँचीचं नाव, नि माज्या घरधन्याचा पाय. घे, तूच तोल."

"असं नको बोलूस."

"मंग कसं बोलू? गोड बोलू? गोड बोलून झालं पौर्णिमेपासनं."

"जने, गप ऱ्हव," लवू टोपलीवरून म्हणाला. "मी बोललो ते बोललो. तोंडातनं गेलेला शब्द परत गिळायचा काय?"

"तुमी गप ऱ्हवा. तुमी माडावरनं पडलेले. तुमाला लाँचीतलं काय कळतं?"

दादूला हसावं की रडावं ते कळेना. तो बाबल्याकडे बघू लागला. म्हातारा ब्रश चालवतच होता. चालवत चालवतच तो म्हणाला, "दादू, लाँचीनं रगत बघितलान. मी फळी धुतली, पण तिनं बघितलान. तिला म्हायत हाय. मंग आपण लपवतांव कोणापासनं? सोसायटीपासनं?"

संध्याकाळी दादू आणि बाबल्या सोसायटीत गेले आणि त्यांनी लिहून दिलं.

त्याच आठवड्यात दोन खलाशी लाँचवरून उतरले. एकाने पाठदुखी सांगितली, दुसऱ्याने मुंबईला भावाकडे जातो म्हणून सांगितलं आणि तो भाटीमिऱ्याच्या दुसऱ्या लाँचवर दिसला. दादू वहिनींना त्याबद्दल काही बोलला नाही. तो स्वतः आणि बाबल्या आणखी एकाला घेऊन जाऊ लागले, आणि तिघांनी कितीसं जाळं ओढायचं?

शिमगा झाल्यावर विम्याचे साहेब आले. जीपमधून उतरले, पडवीत खुर्चीवर बसले, शहाळं घेतलं, गोड आहे म्हणाले. माणूस चांगला होता. दवाखान्याच्या कागदावर माडावरून पडल्याचं लिहिलं आहे, ते त्यांनी वाचलं, मालकाचं आणि तांडेलाचं लिहिणं वाचलं आणि म्हणाले, "बघू, त्याचं काहीतरी करता येईल. तुमच्या लोकांच्या या गोष्टी मी ऐकून आहे." जनीवहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, तिथून पुढे आल्या.

"आता पाय दाखवा."

लवूने धोतराचा सोगा वर केला. साहेबांनी लांबूनच बघितलं, नाकाला रुमाल लावला, मग लावलेला रुमाल काढला.

"बोटं हलतात का?"

आता इथे लवूने जे केलं ते लवूच करणार. घरी पाहुणा आला आहे, शहाळं पिऊन खूश आहे, आणि विचारतो आहे की तुझा पाय कसा आहे. रडगाणं गायचं हे त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने दात आवळले, कपाळावर शिरा उभ्या राहिल्या, आणि पायाचा अंगठा हलला. एकदा नाही, दोनदा हलला.

"हलतोय की!" तो घाम पुसत म्हणाला. "अजून नाचवीन साहेब, पुढच्या शिमग्याला या."

मी हसलो, दादू हसला. साहेब हसले नाहीत. त्यांचं पेन कागदावर थांबलं होतं.

"पालशेतकर," ते हळूच म्हणाले, "हे तुम्ही करायला नको होतं."

मग त्यांनी नियम सांगितला. माणूस समुद्रावर मेला तर घरच्यांना पूर्ण रक्कम. दोन्ही पाय किंवा दोन्ही हात गेले तर पूर्ण. एक गेला तर निम्मी. गेला म्हणजे तुटला, किंवा कायमचा निकामी झाला असं डॉक्टरांनी लिहून दिलं पाहिजे. उपचाराचा खर्च या विम्यात धरलेला नाही. मिरजेच्या डॉक्टरांचं मत तर असं आहे की पाय वाचेल. वाचणाऱ्या पायाला काही मिळत नाही.

जनीवहिनींनी ते दोनदा ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे पाय बरा करायला पैसे नाय. पाय तोडला, की पैसे."

"नियम तसा आहे, बाई."

"कोणी केलान ह्यो नेम?"

साहेबांनी शहाळ्याकडे बघितलं. ते रिकामं होतं.

"आमचाही एक नेम होता," वहिनी म्हणाल्या, "लाँचीवर रगत दाखवायचं नाय. तो आमी मोडला तुमच्यासाठी." आणि त्या आत गेल्या.

जीप गेल्यावर लवू आपल्या अंगठ्याकडे बघत बसला होता. मी जवळ बसलो.

"मेस्त्री, लाँचीच्या इंजिनाचा इमा असतो काय?"

"असतो. कर्ज काढलं की काढावाच लागतो."

"पिस्टन मोडला तर?"

अपघातात मोडला तर दुरुस्तीचे पैसे मिळतात, असं मी सांगितलं. मीच दोन-तीनदा तसं लिहून दिलं होतं.

"इंजिन फेकून द्यावं लागत नाय?"

"नाही."

"बरं हाय," लवू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. दादूच्या इंजिनाचं बरं आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मला मात्र त्या दिवशी पाना हातात धरवेना.

त्यानंतरचे दिवस पैसे जमवण्याचे होते. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गरिबाच्या घरात जे जे विकता येतं ते विकलं जातं आणि कमीच पडतं. राही दाभोळहून आली, जे होतं ते आईच्या हातात ठेवून गेली. आमच्या वर्कशॉपमध्ये पेटी फिरवली. आंब्याचे दिवस होते, मुंबईकर चाकरमानी गावात आलेले, त्यांनीही काही काही टाकलं. मिरजेच्या निम्म्यापर्यंत आम्ही आलो होतो. वहिनी म्हणत, पाऊस लागायच्या आत नेऊ. मी हाडाचं आणि इंजिनाचं एकच गणित मांडत होतो. वेळेवर बेअरिंग बदललं तर शाफ्ट वाचतो. सगळ्यांना तेच सांगत होतो, जणू पैसे सोडून दुसरी काही अडचणच नव्हती.

मग एका दुपारी लवूला थंडी वाजून ताप भरला. पाय मांडीपर्यंत सुजला. टेम्पो तोच होता, या वेळी लवू काही बोलत नव्हता. त्या तरुण डॉक्टरांची बदली झाली होती, नवे डॉक्टर होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, मिरज आता लांब आहे. पाय ठेवला तर माणूस जाईल. इथेच कापतो, त्याला काही खर्च नाही.

काही खर्च नाही, हे शब्द ऐकून जनीवहिनींनी डोळे मिटले. आत नेण्याआधी लवूने माझा हात धरला.

"मेस्त्री, आता तरी निम्मे मिळतील ना?"

"मिळतील," मी म्हटलं.

"मंग जनीला सांग, मिरजेसाठी जमवलेलं ज्याचं त्याला परत कर. लोकांचं ठेवू नको."

पाय गेला. लवू वाचला. सोसायटीने पुन्हा कागद पाठवले, आता पाय नसल्याच्या दाखल्यासकट. पावसाळा अर्धा झाला तेव्हा उत्तर आलं. सेक्रेटरींनी ते जनीवहिनींना वाचून दाखवलं, मी तिथे होतो. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात रुग्णाने स्वतः, पत्नीसमक्ष, झाडावरून पडल्याचं सांगितलेलं आहे. लाँचवर अपघात झाल्याचं मालकाने पुष्कळ महिन्यांनी लिहून दिलं आहे. मालक रुग्णाचा नातेवाईक आहे. तरी त्या दिवसाचा दुसरा काही पुरावा असल्यास सादर करावा.

"पण ते साहेब म्हटले होते, करता येईल," वहिनी म्हणाल्या.

"ते साहेब पाहणीला येतात. ठरवतात वरचे."

त्या दिवसाचा पुरावा म्हणजे धुतलेली फळी. आम्ही बदली झालेल्या डॉक्टरांना पत्र घातलं. त्यांना ते वळ आठवत असतील, असं वाटलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं. मला आठवतात, त्यांनी लिहिलं होतं, पण पेशंटने सांगितलं तेच मी लिहिलं आणि आता ते मला बदलता येणार नाही. लवकर बरे व्हा. दादूने देवीला नारळ ठेवला. सेक्रेटरींनी आणखी एक कागद पाठवला. त्याला उत्तर आलेलं नाही. जनीवहिनी बाजारातून येताना सोसायटीच्या दारात थांबतात, सेक्रेटरी आतूनच मान हलवतात, त्या पुढे जातात.

परत नारळी पौर्णिमा आली. 'जाकादेवी प्रसाद' पहिल्या फेरीला निघायची होती. खलाशी पुन्हा मिळाले. वर्षभरात लाँचने आणखी कोणाचं काही मागितलं नव्हतं, म्हणून असेल. मी विंच तपासायला गेलो तर तिच्याशेजारी माझा तो दांडका दोरीने बांधून ठेवलेला होता. कोणी बांधला ते मी विचारलं नाही. काळा पडला होता, एवढे दिवस चुलीजवळ होता म्हणून.

मी घरी परतलो तेव्हा लवू पडवीत जाळं शिवत बसला होता. कुबडी भिंतीला टेकवलेली. घरामागे विठू माडावर चढत होता, पौर्णिमेला नारळ हवे होते. शेजारची नवी सून अंगणातून जात होती, ती लवूच्या आखूड पायाकडे बघून थबकली आणि मग लाजली.

"कशानं ओ झालं, काका?" तिने धीर करून विचारलं.

मी लवूकडे बघितलं. जनीवहिनी दारात होत्या, त्यांनीही बघितलं. आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं. दादूने लिहून दिलं होतं, बंदराला ठाऊक होतं, विम्याच्या वरच्या साहेबांनाही दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या आणि त्यांनी एक निवडली होती. पण अजून दादूची लाँच धक्क्यावर होती आणि थोड्या वेळाने ती सुटायची होती.

लवूने सुई जाळ्यात खोवली आणि मान वर करून माडाकडे बघितलं. विठू आता अगदी शेंड्याला पोचला होता. लवूच्या कपाळाला घाम आला. एक तळपाय उरला होता, त्यालाही आला असेल.

"विठू," तो ओरडला, बंदराच्या त्या टोकाला जाईल अशा आवाजात, "जपून उतर रे! मी पडलोय त्याच माडावरनं!"